गॅरेजचा कट्टा : उजेड सांडतो कुठं?

दिवाळी उरकली की मला येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एप्रिल-मेमध्ये सगळे एसीचं विचारतात, पावसात वायपरचं आणि ब्रेकचं, आणि कार्तिक लागला की हेडलाइटचं. जूनअखेरीस आमच्या सांगलीकडं सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरात सहा वाजायच्या आत. साडेपाचला काम सुटलेला माणूस उन्हाळ्यात उजेडात घरी पोचतो, तोच आता बरीचशी वाट अंधारात कापतो. त्यात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला, म्हणजे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. यंदाच्या पत्रांतली चार इथं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण बाकीच्या निम्म्या पत्रांचं उत्तरही त्यातच येऊन जातं.

प्रश्न : काका, मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवतो आणि रोज संध्याकाळी सांगलीला परत येतो. गाडी २००८ सालची वॅगन-आर, वापर १ लाख ३० हजार किलोमीटर. इंजिन अजून टुणटुणीत आहे. गेल्या आठवड्यात सातच्या सुमारास पुढं चाललेली उसाची ट्रॉली अगदी अंगावर येईपर्यंत मला दिसलीच नाही. कशीबशी साइडपट्टीवर गाडी घातली. मंडळी शेजारी बसल्या होत्या. तेव्हापासून घरात एकच धोशा आहे : लाइट बदला, नाहीतर गाडी बदला. दुकानदार म्हणतो, एलईडी टाका, रात्रीचा दिवस होईल. मुलगा म्हणतो, १००-९० वॅटचे बल्ब टाका, स्वस्तात काम होईल. कुणाचं ऐकू? — एक शिक्षक, सांगली

उत्तर : सर, सध्या दोघांचंही ऐकू नका. विहिरीत पाणी आहे, मोटार चालू आहे, तरी उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. अशा वेळी शेतकरी लगेच मोठी मोटार आणायला जात नाही. खांद्यावर खोरं टाकतो आणि पाट कुठं फुटलाय ते बघत निघतो. तुमच्या गाडीचंही तेच करायचं आहे. नवी होती तेव्हा ह्याच गाडीत, ह्याच ताकदीच्या बल्बवर तुम्हाला दिसत होतं ना? मग तो उजेड वाटेत कुठंतरी सांडतोय.

सुरुवात काचेपासून करा. तिला आपण काच म्हणतो खरं, पण तुमच्या गाडीची ती पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची आहे. नवीन असताना तिच्यावर एक कडक थर असतो. उन्हानं तो थर उडतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं, दुधाळ होत जातं. पंधरा-सतरा उन्हाळे अंगावर घेतल्यावर होणारच. दिवसा गाडीसमोर उकिडवे बसा आणि आतला रिफ्लेक्टर स्वच्छ चमकताना दिसतो का ते बघा. धुक्यातून बघितल्यासारखा दिसला, तर तुमच्या उजेडाचंही तेच होतंय. थोडा काचेत अडतो आणि बाकीचा चहूकडं फाकतो. म्हणजे तुम्हाला दिसत नाही आणि समोरच्याच्या मात्र डोळ्यांत जातो. घासायचं कसं ते खालच्या पत्रात सांगितलंय.

मग बॉनेट उघडा आणि हेडलाइटच्या पाठीमागचं रबर जागेवर आहे का बघा. माझ्याकडं येणाऱ्या दर चार-पाच जुन्या गाड्यांतल्या एकीला ते नसतंच. कुणीतरी बल्ब बदलताना काढलेलं असतं, घट्ट बसत नाही म्हणून तिथंच टाकून दिलेलं असतं. त्या भोकातून धूळ आणि पावसाळी ओल आत जाते आणि रिफ्लेक्टर काळवंडतो. काळवंडलेला रिफ्लेक्टर घासायला जाऊ नका, तो मुलामा कागदापेक्षा पातळ असतो. फडक्यानं पुसला तरी निघून येतो आणि खाली मळकं प्लास्टिक उरतं. तो गेला असेल तर अख्खी लाइट बदलायची, दुसरा उपाय नाही.

रबर काढलंच आहे तर बल्बची बैठकही बघून घ्या. तुमच्या गाडीत एच-फोर बल्ब आहे. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, डिपरचं (खाली, जवळ पडणाऱ्या उजेडाचं) ५५ वॅटचं आणि अप्परचं (लांबच्या उजेडाचं) ६० वॅटचं. बल्बच्या पत्र्याला तीन कान असतात आणि ते तीन खाचांत बसले तरच फिलामेंट आपल्या जागी येतं. रस्त्याकडेला घाईत बसवलेला बल्ब मी कितीदा तिरका बघितलाय. क्लिप कशीबशी अडकवलेली, एक कान बाहेर. असा बल्ब पेटतो, म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. आणि बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटच्या फडक्यानं पुसा.

आता खरं दुखणं. जुन्या गाडीत मी सगळ्यात आधी मल्टिमीटर काढतो तो ह्याच्यासाठी. गाडी चालू ठेवून डिपर लावला की ऑल्टरनेटर बॅटरीला चौदा व्होल्टच्या आसपास देत असतो. पण बल्बला ते सगळे पोचत नाहीत. करंट फ्यूजबॉक्समधून स्टिअरिंगखालच्या स्विचला जातो, तिथून कपलर, पुन्हा वायर, मग होल्डर. प्रत्येक जोडाला सतरा वर्षांची हिरवट बुरशी. प्रत्येक जोड आपला वाटा खातो. गेल्या महिन्यात तुमच्यासारखीच एक गाडी आली होती. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १२.३. मालक म्हणाले, पावणेदोन व्होल्टांनी काय होतंय?

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगानं घटतो. व्होल्टेज ५ टक्क्यांनी उतरलं तर उजेड १६ टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्या गाडीला रिलेचं वायरिंग किट बसवलं. म्हणजे काय, तर बॅटरीपासून जाड वायर थेट हेडलाइटपर्यंत न्यायची, मध्ये रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज. जुन्या स्विचनं फक्त रिलेला इशारा द्यायचा, बल्बचा भार उचलायचा नाही. त्यानंतर होल्डरवर १३.७ व्होल्ट आले. बल्ब तेच जुने, उजेड मात्र ४० टक्क्यांहून जास्त वाढला. मालकांनी मला दोनदा विचारलं, नक्की बल्ब बदलले नाहीत ना?

किट बसवणाऱ्याला एवढं सांगा : वायर किमान अडीच स्क्वेअर मिलिमीटरची हवी आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. किट लावायच्या आधी टेस्ट लॅम्प लावून बघायला लावा, कारण काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्ह तोडत नाही, अर्थ (करंट परत नेणारी निगेटिव्हची वाट) तोडतो. अशा गाडीत बाजारातलं किट तसंच लावलं तर काहीतरी उलटं पेटतं आणि मग वायरमन दिवसभर डोकं खाजवत बसतो. मीही बसलोय.

आता मुलाच्या १००-९० बल्बांचं. सर, १९९६ साली माझ्या स्वतःच्या जीपला मी तेच बल्ब टाकले होते. रिले न लावता, कंपनीच्याच वायरिंगवर. चार गाड्यांचं वायरिंग जमायला लागलं की माणसाला वाटतं आपल्याला सगळं कळतं. भाच्याचं लग्न विट्याला होतं. जाताना काय तो प्रकाश! रस्त्याकडेच्या बाभळीची शेंगसुद्धा दिसत होती. परत निघालो रात्री अकराला, जीपमध्ये आठ माणसं, त्यातली तीन पोरं. तासगाव चार-पाच किलोमीटरवर असेल, तेवढ्यात बायको म्हणाली, काहीतरी जळतंय. स्टिअरिंगखालून धुराची रेघ निघालेली. मी खाली वाकतोय तोवर दोन्ही लाइट गेल्या. कंपनीच्या बल्बांना अप्परवर दहा अँपिअर लागतात, ह्या दोन दांडग्यांना सोळा-सतरा. स्विचचं प्लास्टिक मेणासारखं वितळून गेलं होतं. अर्धा तास अंधारात उभे होतो. मग मागून एक एसटी आली. ड्रायव्हरनं थांबवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘माझ्या मागनं हळूहळू या.’ तिच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून तासगाव गाठलं. त्यानं वाटेत एकदाही चाळीसच्या वर स्पीड नेला नाही. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, ते अजून मनात सलतं.

रिले लावून १००-९० टाकले तर? स्विच वाचतो, पण होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. विषय संपला.

एलईडीचं थोडं समजावून सांगतो, कारण ह्या प्रश्नाची दहा तरी पत्रं आहेत. हॅलोजनच्या लाइटचा रिफ्लेक्टर एका ठरावीक जागी असलेल्या, काही मिलिमीटर लांबीच्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती वाटीच उजेडाची वरची कड ठरवते, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत काय जाणार नाही ते ठरवते. त्या जागी तुम्ही पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेला एलईडी बल्ब घातला की रिफ्लेक्टरचं गणितच बिघडतं. उजेड भरपूर पडतो, पण पडतो कुठं? बंपरसमोरच्या दहा-पंधरा मीटरवर. तिथं दिवसासारखं लख्ख झालं की आपल्या डोळ्याची बाहुली आकसते आणि त्यापलीकडचं आणखीच काळं दिसायला लागतं. गाडीवाला खूश असतो, कारण जवळचा रस्ता उजळलेला असतो. ट्रॉली मात्र जवळच्या दहा मीटरवर नसते, पन्नास मीटरवर असते.

कारखान्यातूनच एलईडी लाइट लागून आलेल्या नव्या गाड्यांचं मी बोलत नाही. तिथं लेन्स आणि चिप एकमेकांसाठी बनवलेल्या असतात. बाहेरच्या देशांत सगळे लावतात, असंही एकानं लिहिलंय. इंग्लंडात माझी पुतणी राहते. तिथं २०२१ पासून, हॅलोजनच्या लाइटमध्ये एलईडी बल्ब घातलेली गाडी वार्षिक तपासणीत नापास होते. आपल्याकडंही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या गाडीत असे मूळ फेरफार करता येत नाहीत. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं उलटली आहेत, पुढच्या पासिंगला कुणी बोट ठेवलं तर पुन्हा सगळं काढत बसाल.

बल्ब बदलायचेच तर साधे ६०/५५ वॅटचे, नावाजलेल्या कंपनीचे, जोडीनं बदला. एक जुना आणि एक नवा असं नको. बल्बच्या बुडावर गोलात ‘ई’ आणि आकडा असतो तो बघून घ्या. जरा जास्त पैसे देऊन त्याच वॅटचे, जास्त उजेडाचे हॅलोजनही मिळतात. ते खरंच चांगले असतात, फक्त आयुष्य कमी. निळसर काचेचे ‘सुपर व्हाइट’ मात्र घेऊ नका. ती निळी काच थोडा उजेड स्वतःच पिते.

फोकस सगळ्यात शेवटी, पण तो विसरायचा नाही. टायरमध्ये बरोबर हवा भरा, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर उभी करा, आणि तुमच्या वजनाचं कुणीतरी ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. शाळेची कंपाउंड वॉल उत्तम. लाइटच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर त्याच उंचीला खडूची आडवी रेघ मारा. तुमच्याकडं खडूला काय तोटा! आता डिपर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली यायला पाहिजे आणि डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली दिसली पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावी कडा, पायी चालणारी माणसं, पाट्या दिसाव्यात यासाठी ती चढण ठेवलेली असते. ती उजवीकडं चढत असेल, तर कुणीतरी उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशाची लाइट तुमच्या गळ्यात मारली आहे.

पाच सेंटिमीटरनं काय फरक पडतो ते बघा. लाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर धरली आणि पाच मीटरला पाच सेंटिमीटर उतार असेल, तर उजेड ६५ मीटरवर जाऊन जमिनीला टेकतो. तोच उतार पंधरा सेंटिमीटर झाला तर उजेड २१-२२ मीटरवरच संपतो. लाइटमागचा स्क्रू खड्ड्यांनी ढिला पडला की नेमकं हेच होतं. माझा अंदाज विचाराल तर तुमच्या ट्रॉलीच्या प्रकरणात ह्याचा हात मोठा असणार. स्क्रू फिरवायला पैसे लागत नाहीत.

एवढं सगळं झाल्यावरही एक हिशेब उरतोच. डिपरवर मळकी, काळपट वस्तू फार तर ४०-५० मीटरवर दिसते, आणि उसाची ट्रॉली म्हणजे मळकटपणाचा कळस. पाचट लोंबत असतं, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, दिवा तर नसतोच. ताशी ६० ला ब्रेकवर पाय जाईपर्यंतच २५ मीटर सरतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस-एक. म्हणजे जेमतेम बसतं. ताशी ८० ला हीच बेरीज ७० मीटरवर जाते. समोरून कुणी नसेल तेव्हा लाजू नका, अप्पर मारा. आपली बरीच माणसं उगीच रात्रभर डिपरवर गाडी हाकतात. समोरचा दिवा दिसला की लगेच खाली घ्या, एवढंच. आणि समोरचा खाली घेत नसेल तर त्याच्या दिव्याकडं बघू नका. रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर लावा आणि स्पीड सोडा.

आता राग मानू नका, तुमचं वय किती? पन्नाशी उलटली असेल तर डोळे तपासून घ्या. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण तिसरा हिस्सा उजेड पोचतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा प्रत्येक दिवा फुटल्यासारखा पसरतो. मी स्वतः दोन वर्षं गाडीच्या लाइटला शिव्या घालत होतो. ऑपरेशन झाल्यावर लाइट आपोआप सुधारली. जाता जाता पुढची काच आतून पुसा. गुटगुटीत नातवंडांच्या बोटांचे ठसे आणि डॅशबोर्डच्या पॉलिशची वाफ, दोन्ही तिथंच बसतात.

प्रश्न : टूथपेस्टनं हेडलाइटची पिवळी काच लख्ख होते असा व्हिडिओ पाहिला. करून पाहिलं, झालीही. पण दीड महिन्यात पुन्हा पिवळी. पेस्ट कमी पडली का? — एक वाचक, कराड

उत्तर : पेस्ट दातांना ठेवा दादा. तिच्यानं वरचा मळ निघाला, पण उन्हापासून वाचवणारा थर उडालेला होता तो परत आला नाही. उलट उरलासुरला होता तोही तुम्ही घासून काढलात.

नीट करायचं तर लाइटभोवतीच्या रंगाला टेप लावा. पाणी मारत ८०० नंबरचा वॉटर पेपर एका दिशेनं फिरवा, मग १२०० त्याला आडवा, मग २०००, शेवटी ३०००. आठशे झाल्यावर काच आधीपेक्षा वाईट दिसेल. घाबरून तिथंच सोडू नका, माझ्याकडं अशी अर्धवट सोडून आलेली माणसं येतात. तीन हजारानंतर रबिंग कंपाउंड. ते झालं की काच पूर्ण कोरडी करून उन्हाला टिकणारा क्लिअर कोट मारायचा. खरं काम तोच करतो. दोन भागांचा, हार्डनरवाला लॅकर पेंटरकडून मारून घेणार असाल तर त्याला चांगला मास्क लावायला सांगा, हार्डनरची वाफ छातीला वाईट. आतून पिवळी असेल किंवा बारीक तडे गेले असतील, तर ह्यातलं काही करू नका, नवीन लाइट आणा.

प्रश्न : आमच्याकडे १९९४ ची कमांडर जीप आहे. वडिलांची आठवण म्हणून ठेवलीय. गोल लाइट आहेत. दोन्ही बल्ब नवीन टाकले, तरी डावी लाइट कंदिलासारखी जळते आणि हॉर्न वाजवला की आणखी मंद होते. वायरमननं ऑल्टरनेटर बदलायला सांगितलाय. बदलू का? — कणकवलीहून एक वाचक

उत्तर : अजिबात नको. ऑल्टरनेटर दमला असता तर दोन्ही लाइट सारख्याच मंदावल्या असत्या. एकच कंदील होतो आणि हॉर्नबरोबर डुलतो, म्हणजे अर्थिंग गेलं. माझी पैज.

करंट बॅटरीतून निघतो तसा त्याला परतही जावं लागतं, आणि जुन्या गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. डाव्या लाइटची काळी वायर जिथं स्क्रूनं पत्र्याला लावलीय, तिथं कोकणातली खारी हवा आणि तीस पावसाळे. स्क्रूखाली गंजाची पापडी धरलेली असणार. हॉर्नचं अर्थही तिथंच जोडलेलं दिसतंय, म्हणून दोघं एकाच अरुंद दारातून बाहेर पडायला धडपडतात. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं लाइटच्या अर्थच्या पिनेला लावा आणि लाइट लावा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. तुमच्याकडं एक-दीड निघाला तर आश्चर्य वाटायला नको. स्क्रू काढा, पत्रा चकाकेपर्यंत घासा, नवीन थिंबल लावून आवळा, वरून ग्रीस फासा. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही लाइटची अर्थ वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला नेऊन जोडा. वायरीचे पैसे लागतील, तेवढेच.

तुमच्या जीपमध्ये आजच्या गाड्यांना नसलेली एक सोय आहे. ती गोल लाइट सात इंचाची, म्हणजे जगभर चालणारं माप. काच खऱ्या काचेची, पिवळी पडत नाही. रिफ्लेक्टर काळा पडला असेल तर चांगल्या कंपनीचा एच-फोरचा पूर्ण सेट, काच आणि रिफ्लेक्टर एकत्र, सहज मिळतो आणि अर्ध्या तासात बसतो. गोल लाइटमध्ये डोळे दिपवणारे एलईडीचे तुकडे मिळतात, ते मात्र वडिलांच्या जीपला लावू नका. आणि काचेच्या वरच्या भागावर काळा ठिपका रंगवलेला असेल तर तो राहू द्या, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून तो लावायचे. आमच्या तरुणपणी पासिंगला जायच्या आदल्या दिवशी गॅरेजच्या पोरांचं कामच असायचं, रंगाची डबी घेऊन रांगेतल्या गाड्यांना तीट लावत फिरायचं.

प्रश्न : काका, माझं माहेर बेळगावचं आणि मी राहते सावंतवाडीला. आंबोली घाटातून येणंजाणं असतं, पहाटेचं धुकं पाचवीला पुजलेलं. नवरा म्हणतो, हेडलाइटला पिवळी फिल्म चिकटवू, पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो. खरं आहे का? गाडी जुनी अल्टो आहे. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ताई, आरपार कुठलाच उजेड जात नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, सगळे सारखेच आपटून परत येतात. पिवळ्याचा फायदा एवढाच की त्यात निळा भाग कमी असतो, त्यामुळं परत आलेला उजेड डोळ्यांना कमी बोचतो. पण हेडलाइटवर फिल्म लावलीत तर आहे तो उजेडच कापला जाणार, आणि कोरड्या रात्री पस्तावाल. घाटात अप्पर तर लावूच नका, समोर पांढरी चादर उभी राहते.

खर्च करायचाच तर बंपरच्या खालच्या अंगाला फॉग लॅम्पची जोडी बसवा, पिवळी चालेल. त्यांची खरी जादू रंगात कमी आणि उंचीत जास्त असते. खालून, आडवा पसरलेला उजेड रस्त्याला घासत जातो आणि तुमच्या नजरेच्या रेषेत धुकं कमी उजळतो. तोंड किंचित खाली ठेवायला सांगा, स्वतंत्र रिले आणि फ्यूजवर घ्या, आणि धुकं संपलं की बंद करा. अल्टोचा ऑल्टरनेटर लहान असतो. डिपर, फॉग, वायपर आणि ब्लोअर सगळं एकदम चालवून घाटात आयडलवर उभ्या राहिलात तर बॅटरीतून जायला लागेल.

आणखी एक. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची पद्धत पडलीय, ती सोडा. मग तुम्ही वळताना कुठं वळताय ते मागच्याला कळत नाही, आणि उभ्या गाडीला चालती समजायची त्याला सवय लागते. डिपर लावला की मागचे लाल दिवे लागतातच, ते पुसून ठेवा आणि निघण्याआधी नवऱ्याला मागं उभं करून ब्रेकचे दिवे बघायला सांगा. काहीच दिसेनासं झालं तर वळणावर थांबू नका. रुंद जागा बघून रस्त्यापासून पूर्ण बाजूला घ्या, तेव्हा चारही इंडिकेटर लावा. धबधब्याजवळच्या टपऱ्या लवकर उघडतात, चहा बरा असतो.